अंधेरीचा पूल, सत्त्याऐंशी पटींनी लहान

घरातल्या टेबलावर छोटी रेल्वे मांडायची आणि तीत मुंबई उपनगरातला एखादा पूल हवा असेल, तर माझं मत अंधेरीला. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि अंधेरीत पश्चिम रेल्वेच्या रुळांवरून, पोलादी पुलावर, दुसरी रेल्वे धावू लागली. खाली लोकल, वर मेट्रो. एकाच पुलात दोन रेल्वे दाखवण्याची अशी संधी सोडू नये.

मेख आहे ती रुळांच्या मापात. या मेट्रोच्या दोन रुळांतलं अंतर १४३५ मिलिमीटर, लोकलच्या १६७६. जगभर सर्वाधिक चालणारं एचओ हे प्रमाण १:८७ आणि त्याचे तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे. मेट्रोला ते चपखल बसतात. लोकलला सव्वाएकोणीस हवेत. तयार इंजिनं आणि चाकं १६.५चीच मिळत असल्याने बहुतेक हौशी मंडळी अरुंद रुळांवरच भारतीय गाडी चालवतात. ही तडजोड मला मान्य आहे, पण खालच्या दोन खांबांमधली जागा मात्र रुळांवरून काढू नये, डब्यावरून काढावी. लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद, म्हणजे टेबलावर ४२ मिलिमीटर. वळणावर तो आणखी बाहेर येतो. हे विसरलं की पहिल्याच फेरीत डबा खांबाला घासतो.

वसईच्या खाडीचा मोह अनेकांना होतो. नायगाव आणि भाईंदरच्या मधे पाणजू बेट, त्याच्या दोन्ही बाजूंना पूल. दृश्य देखणं खरंच. पण पुलाचा एक किलोमीटर म्हणजे टेबलावर साडेअकरा मीटर! फ्लॅटमध्ये ते कुठे मावणार? गाळे कमी करून लांबी आखडता येते. भार वाहून नेण्याची रीत मात्र आखडता येत नाही. गाडीचं वजन स्लीपरवरून रुळांच्या दिशेने जाणाऱ्या लहान गर्डरांवर, त्यांवरून आडव्या गर्डरांवर, तिथून दोन्ही बाजूंच्या मुख्य गर्डरांवर, मग बेअरिंगवर आणि शेवटी खांबावर उतरतं. यातला एक दुवा गाळला तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पूल खोटा वाटतो. अनेक जण गर्डर थेट खांबावर चिकटवतात, ते याचसाठी खटकतं. खऱ्या पुलाचं पोलाद उन्हात लांबतं, म्हणून गर्डरचं एक टोक पक्कं आणि दुसरं सरकतं ठेवतात. बेअरिंगचा तो बारीकसा ठोकळा आणि त्यामुळे गर्डर व खांब यांच्यात राहणारी फट दिसलीच पाहिजे.

मजबुतीची काळजी त्या मानाने कमी. अंधेरीच्याच नव्या गोखले पुलाचा गर्डर घ्या: सुमारे ९० मीटर लांब, १३०० टन. १:८७ने तो एक मीटरच्या जरासा वर जातो. वजन मात्र लांबीच्या घनाने घटतं, ८७चा घन साडेसहा लाखांच्या वर, म्हणून हुबेहूब पोलादात केला तरी तो दोन किलोच भरेल. साहजिकच माउंट बोर्ड आणि फेव्हिकॉलही पुरतात. जुन्या धाटणीच्या पुलाचे रिव्हेट हवे असतील तर पातळ कार्डाच्या पाठीवर बोथट सुई पट्टी लावून, समान अंतरावर दाबत जायची. पुढच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरहून लहान टिंब उठतात. हात घाईत असेल तर ओळ लगेच वाकडी होते. लेझर कटिंगवाले जाळी सुबक कापून देतात, पण हा उठाव हातानेच यावा असं मला वाटतं.

असं टेबलावरचं जग चालताना बघायचं असेल, तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय गाठावं. १ एप्रिल १९९८ रोजी ते खुलं झालं. तिथे सिग्नल, रस्ते, पूल आणि गाड्या मिळून आख्खं शहर हलतं.

अंधेरी निवडण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते चढाचं. लोकलच्या विजेच्या तारेला जागा सोडून वरचा रूळ खालच्यापेक्षा किमान नऊ सेंटिमीटर उंच हवा. ५० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर हा सोसवणारा चढ धरला, तर तेवढ्यासाठी साडेचार मीटरचा उतार लागेल, आणि तोही दोन्ही बाजूंना. पण ही मेट्रो वर्सोव्यापासून घाटकोपरपर्यंत खांबांवरूनच जाते, जमिनीवर उतरतच नाही. टेबलावरही तिला एका कडेने वरच्या वर आत आणावं, दुसऱ्या कडेने तशीच बाहेर न्यावं.