टपालाचे नियमन आणि राष्ट्रसीमा

परदेशी धाडलेल्या पत्राचे हशील प्रेषक आपल्या देशात भरतो. त्याचा बटवडा मात्र दुसऱ्या देशातील टपालसेवक करतो. या साध्या वस्तुस्थितीतून दोन प्रश्न उद्भवतात. बटवड्याचा खर्च कोणी सोसावयाचा? आणि दिरंगाई झाल्यास जाब कोणी कोणास विचारावयाचा? यांपैकी पहिला प्रश्न जुना आहे. दुसरा प्रश्न टपाल चालविणारा व त्यावर देखरेख ठेवणारा हे विभक्त झाल्यानंतरच तीव्र झाला. युरोपच्या अनुभवाच्या आधारे या दुसऱ्या प्रश्नाचे विवेचन येथे योजिले आहे.

९ ऑक्टोबर १८७४ रोजी बर्न येथे २२ राज्यांनी करार करून आजच्या जागतिक टपाल संघाचा पाया घातला. पत्रव्यवहारापुरता सर्व सदस्यांचा मिळून एकच टपालप्रदेश मानावा, हे त्याचे मूलतत्त्व होय. प्रत्येक खात्याने वसूल केलेले हशील स्वतःकडेच ठेवावे असे ठरले. कारण पत्रास सामान्यतः उत्तर येते, व खर्चाची तोंडमिळवणी आपोआप होते. परंतु सर्व देशांत टपालाची आवक व जावक सारखी नसते. म्हणून १९६९ च्या टोकियो अधिवेशनात बटवड्याचा मोबदला देण्याची पद्धत स्वीकारण्यात आली.

हे करार पाळणारी टपालखाती बहुधा शासनाचीच अंगे होती. सेवा पुरविणे, दर ठरविणे व तक्रार ऐकणे ही कामे एकाच हाती असत. युरोपीय संघाच्या १९९७ च्या निदेशाने ही स्थिती पालटली. टपालसंस्थेपासून कायद्याने विभक्त आणि कारभारात स्वतंत्र असा नियामक प्रत्येक सदस्य राष्ट्राने नेमावा, असे त्याने बंधन घातले. सदस्य राष्ट्रांमधील सर्वांत जलद वर्गाच्या टपालापैकी ८५ टक्के तीन दिवसांत व ९७ टक्के पाच दिवसांत पोचावे, असा दंडकही त्यात होता.

अडचण येथेच उपस्थित होते. हा काळ पत्र टपालात टाकल्यापासून ते हाती पडेपर्यंत मोजला जातो. विलंब उगमदेशातील छाननीत झाला, वाहतुकीत झाला की बटवड्यात, हे एकट्या नियामकास कळणे कठीण. कारण त्याची सत्ता सीमेवर संपते. तात्पर्य, नियामकांमधील सहकार्य हे केवळ सौजन्य नसून त्यांच्या कर्तव्याचाच भाग ठरते.

१० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने युरोपीय आयोगाने राष्ट्रीय नियामकांचा एक गट स्थापिला. हा गट आयोगास सल्ला देतो आणि नियामकांच्या अनुभवांची देवाणघेवाण घडवितो. आज्ञा करण्याचा अधिकार त्यास नाही. पुढे २०१८ च्या विनियमाने सीमापार पार्सलांचे दर नियामकांना कळविणे व ते आयोगाने प्रसिद्ध करणे आवश्यक केले. सार्वत्रिक सेवेतील एखादा दर अवाजवी भासल्यास नियामक देशांतर्गत दर, दोन देशांमधील पार्सलांचे प्रमाण व वाहतुकीचा खर्च यांच्याशी तो ताडून पाहतो. मात्र विनियमाने दरांची कमाल मर्यादा ठरविलेली नाही. दूरच्या खेड्यातील ग्राहकास यातून मिळते ते प्रथमतः माहितीचे संरक्षण; स्वस्ताईची हमी नव्हे.

या सहकार्याची मर्यादाही ओळखली पाहिजे. लहान पाकिटांच्या मोबदल्यावरून अमेरिकेने २०१८ मध्ये जागतिक टपाल संघ सोडण्याची सूचना दिली, तेव्हा तोडगा निघाला तो सप्टेंबर २०१९ च्या जिनीव्हा येथील असाधारण अधिवेशनात, म्हणजे राष्ट्रांच्या वाटाघाटीत. खर्चाची वाटणी राष्ट्रे करतात. ती वाजवी आहे किंवा नाही हे पडताळण्याची साधने नियामक पुरवितात. टपालाकरिता स्वतंत्र नियामक नसलेल्या भारतासारख्या देशात ही पडताळणी कोणी करावी, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारात घेण्याजोगा आहे.