शेडमधला निळा सॉकेट

सकाळी ८. कोल्हापुरातल्या एका बंगल्यामागची मोटारीची शेड. फौंड्रीतून निवृत्त झालेल्या काकांना इथं घरच्यापुरतं वेल्डिंग करायचंय. मशीन २०० अँपिअरचं, सिंगल फेज इन्व्हर्टर. "१६ अँपिअरच्या सॉकेटवर भागंल का रे?" नाही भागणार. ३.१५ मिलिमीटरचा रॉड १२० अँपिअरवर जाळला की असं मशीन लाइनमधून वीस-पंचवीस अँपिअर ओढतं. सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या तापून सैल पडतात, मग प्लास्टिक वितळतं. म्हणून ३२ अँपिअरचा निळा इंडस्ट्रियल सॉकेट आणि त्याला मीटरजवळून स्वतंत्र लाइन. महावितरणकडून वाढीव भार मंजूर होऊन आलाय. त्याआधी मी सामानाची यादीसुद्धा देत नाही.

९ वाजता मेन बंद, कुलूप, किल्ली माझ्या खिशात. निऑन टेस्टरवर जीव टांगायचा नाही. मल्टिमीटर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग बंद केलेल्या लाइनवर लावायचा, पुन्हा चालूवर. मीटरच बिघडलेला असेल तर तो शून्यच दाखवणार.

९.३०. आजचं खरं काम अर्थिंगचं. खड्डा काल खणून घेतलाय, घराच्या पायापासून दीड मीटर लांब. अडीच मीटरचा जीआय पाईप उभा केला, भोवती बेंटोनाइट कालवून ओतलं. कोळसा-मीठ अजूनही बरेच जण भरतात, पण मिठानं पाईप गंजतो आणि खड्डा दरवर्षी कमकुवत होतो. बागेत दोन खुंट्या ठोकून अर्थ टेस्टर लावला. ३ ओहम.

काका खूश. "मग झालं की! शॉर्ट झालं तर एमसीबी पडंलच."

इथं मी काम थांबवून कागद काढला. मशीनच्या बॉडीला फेज चिकटला तर करंट या खड्ड्यातून जमिनीत जाणार: २३० भागिले ३, म्हणजे साधारण ७७ अँपिअर. ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी झटक्यात पडण्याची खात्री ३२० अँपिअरला. ७७ वर तो आधी तापत बसणार, आणि तेवढा वेळ मशीनची बॉडी जिवंत. वेल्डिंग करणारा घामानं भिजलेला, गुडघा लोखंडाला टेकलेला. म्हणून एमसीबीच्या जोडीला गळती ओळखून लाइन तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच, आणि इन्व्हर्टर असल्यानं ती ए प्रकारची. खड्डा आणि आरसीसीबी दोन्ही मिळून माणूस वाचवतात. ही गोष्ट मी प्रत्येक घरी सांगतो, कंटाळा न करता.

काकांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

१ वाजता जेवण.

२ ते ४. वायर ओढणं. मीटरजवळच्या डीबीपासून सॉकेटपर्यंत १८ मीटर. तांब्याची ६ चौरस मिलिमीटर घेतली. ३० अँपिअरला जाऊन-येऊन साडेतीन व्होल्ट पडतात, अडीचच्या वायरीत साडेआठ पडले असते, आणि ती तापली असती ते वेगळंच. पत्र्याखाली मे महिन्यात हवाच भट्टीसारखी असते, त्यामुळं पाईप भिंतीनं खालून नेला. प्रत्येक टोकाला लग, नीट क्रिंप केलेला. नुसता पीळ घालून स्क्रूखाली दाबलेल्या तारा महिन्याभरात ढिल्या पडतात. सॉकेट कमरेच्या उंचीवर, गाडी धुतानाचं पाणी पोचणार नाही असा.

४.१५. मशीन न जोडता इन्सुलेशन तपासायला ५०० व्होल्टचा मेगर. फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. एक मेगाओहमच्या खाली आलं तर मी लाइन चालू करत नाही. इथं काटा पार टोकाला. मग मेन चालू. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, पडली. पण बटण फक्त आरसीसीबी तपासतं, अर्थिंग नाही. म्हणून सॉकेटच्या फेज आणि अर्थमध्ये आरसीसीबी टेस्टर लावला, तेव्हाही पडली.

५. काकांनी हेल्मेट चढवलं आणि रिटर्न क्लॅम्प शेडच्या खांबाला लावला. मी हात धरला. जॉब एकीकडं आणि क्लॅम्प दुसरीकडं असला की वेल्डिंगचा करंट परतीची वाट शोधतो. शंभरावर अँपिअर घराच्या बारीक अर्थ वायरीत शिरले तर ती भिंतीतच जळते, आणि ते कुणाला कळतही नाही. क्लॅम्प जॉबवरच, रंग घासून काढलेल्या जागी, रॉडच्या जवळ.

त्यांनी क्लॅम्प काढून जॉबला, म्हणजे झोपाळ्याच्या अँगलला लावला. ठिणगी पडली. लाइनवरच्या क्लॅम्पमीटरवर २३ अँपिअर. अर्ध्या तासानं प्लग काढून हात लावून पाहिला, कोमटसुद्धा नव्हता. डीबीच्या दारावर आजची तारीख आणि अर्थचं रीडिंग लिहिलं, शेजारी एक ओळ: टेस्ट बटण दर महिन्याला दाबणे.