दुर्मीळ गाठी (लेखांक ६) : छेद जांघेतूनच का?

गेल्या आठवड्यात वृषणाच्या कर्करोगाविषयी लिहिलं. आज वृषणाच्या त्याच पिशवीतले, पण वृषणाबाहेरचे सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा ऊतींचे कर्करोग. हे वृषणाच्या रज्जूतून किंवा भोवतालच्या आवरणातून उगवतात आणि फार क्वचित दिसतात.

श्रीरामपूर असो की राहुरी, ही गाठ दाखवायला माणूस उशिरा येतो. दुखत नाही, शिवाय लाज. घरातच ठरतं, 'पाणी भरलंय' नाहीतर 'हर्निया असेल'. बहुतेकदा ते खरंच निघतं, आणि खरी पंचाईत तिथेच आहे. अंधाऱ्या खोलीत मागून बॅटरी धरली तर पाणी लालसर उजळतं, भरीव गाठ काळी राहते. पण गाठीभोवतीही पाणी साचू शकतं, म्हणून बॅटरीवर न थांबता सोनोग्राफी करावी. ती श्रीरामपुरातच होते. वृषणाच्या कर्करोगासाठी रक्तात तपासतात ते एएफपी, बीटा एचसीजी सार्कोमात सहसा वाढत नाहीत. ते नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नये.

आता छेदाचं. वृषण गर्भात मूत्रपिंडांजवळ तयार होतं आणि मग खाली उतरतं. त्यामुळे त्याच्या लसिका पोटात, महाधमनीलगतच्या ग्रंथींकडे जातात. पिशवीच्या कातडीच्या लसिका मात्र जांघेतल्या ग्रंथींकडे. पिशवीवर चिरलं किंवा तिथून सुई घातली, तर कर्कपेशींना दुसरी वाट आपणच मोकळी करून देतो. म्हणून जांघेत छेद घेऊन आधी रज्जू वर चिमट्यात धरतात, मग गाठ, वृषण आणि रज्जू एकसंध काढतात. नंतर छाती-पोटाचा सीटी.

मुलांत हा बहुधा रॅब्डोमायोसार्कोमा असतो. शस्त्रक्रियेनंतर व्हिन्क्रिस्टीन, ॲक्टिनोमायसिन, सायक्लोफॉस्फमाइड देतात. दहा वर्षांपुढच्या मुलांत पोटामागच्या ग्रंथीही काढून तपासाव्या लागतात. पसरण्याआधी सापडला तर बहुतेक मुलं बरी होतात. आईबाप हळूच विचारतात, 'पुढे लेकरं होतील ना?' एक वृषण पुरतं, पण ही औषधं शुक्राणूंना मारक आहेत. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू केमोआधीच गोठवून ठेवावेत.

प्रौढांत लायपोसार्कोमा अधिक. तो चरबीसारखाच दिसतो आणि हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये 'चरबीचा गोळा' म्हणून सहज बादलीत जातो. माझं मत स्पष्ट आहे: असा मोठा किंवा टणक गोळा निघाला की तो पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. इथे भिस्त शस्त्रक्रियेवर, कधी जोडीला रेडिएशन. तो वर्षांनंतरही त्याच जागी उलटतो, तेव्हा तपासणी सोडू नये.

इतक्या दुर्मीळ गाठीचं निदान दुसऱ्या तज्ज्ञ नजरेखालून जायला हवं. लोणीचं प्रवरा रुग्णालय जवळ आहे. परळच्या टाटा रुग्णालयात, जे १९४१ साली सुरू झालं, सार्कोमा पाहणारा वेगळा गटच आहे. तिथे रिपोर्टचा कागद पुरत नाही, स्लाइड आणि ब्लॉक मागतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. लॅबमधून तो मागून घ्यावा आणि उन्हाळ्यात गाडीच्या काचेपाशी ठेवू नये, मेण वितळतं.