प्रगतिपत्रके आपोआप : एक्सेल आणि वर्डला स्क्रिप्टमधून काम सांगूया



१ मे जवळ आला की आपली धांदल तुम्हाला माहीतच आहे. गुण एक्सेलमध्ये, प्रगतिपत्रक वर्डमध्ये आणि मध्ये आपण! एकेका लेकराचं नाव, गुण, श्रेणी इकडून उचलायची, तिकडे चिकटवायची. अहमदपूरच्या एप्रिलच्या उन्हात हे करताना जीव मेटाकुटीला येतो. हे उचल-ठेवीचं काम संगणकालाच सांगता येतं.

विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमने दुसऱ्याकडून काम करून घेण्याची सोय आहे. तिचं नाव कंपोनंट ऑब्जेक्ट मॉडेल, म्हणजेच कॉम. मायक्रोसॉफ्टने ती १९९३ मध्ये आणली. आपण नोटपॅडमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहितो. तिची पहिली ओळ अशी (टाईप करताना इंग्रजी अक्षरं वापरा):

सेट एक्सएल = क्रिएटऑब्जेक्ट("एक्सेल.ॲप्लिकेशन")

ही ओळ वाचली की विंडोज आपल्या रजिस्ट्रीत, म्हणजे नोंदवहीत, ते नाव शोधतं आणि एक्सेल सुरू करून त्याचा ताबा स्क्रिप्टच्या हाती देतं. अर्थात, संगणकात एक्सेल बसवलेलं हवं. नाव हजेरीपटावरच नसेल तर ‘हजर’ कोण म्हणणार?

पुढचे टप्पे असे :

१. एक्सेल आधी पडद्याआड सुरू होतं. ‘व्हिजिबल’ला ‘ट्रू’ करा, म्हणजे काय चाललंय ते दिसेल.
२. गुणांची फाईल उघडा आणि एकेक ओळ वाचा.
३. ‘वर्ड.ॲप्लिकेशन’ याच रीतीने बोलवा. कोऱ्या प्रगतिपत्रकात नाव, गुण, श्रेणी भरा आणि प्रत्येक वेळी नव्या नावाने जतन करा.
४. शेवटी दोघांनाही ‘क्विट’ सांगा. नाहीतर ते पडद्याआड तसेच चालू राहतात. टास्क मॅनेजर उघडला की सापडतात.

आता माझी चूक सांगतो. पहिल्या वर्षी सगळी पत्रकं झटपट निघाली, मी खूश! दुसऱ्या दिवशी एक वडील पत्रक घेऊन आले. "सर, लेकरू तापानं फणफणत होतं, पेपरलाच नव्हतं. मग ही ई-२ कशाची?"

मी त्या विषयाचा रकाना रिकामा ठेवला होता. तुलना करताना स्क्रिप्टने रिकाम्या रकान्याचा शून्य धरला आणि २० किंवा कमी गुणांची श्रेणी छापून टाकली. शून्य गुण आणि गैरहजेरी यांतला फरक तिला कोणी सांगितलाच नव्हता. म्हणून श्रेणी काढण्याआधी ‘इजएम्प्टी’ने रकाना तपासा, रिकामा असेल तर ‘गैरहजर’ लिहायला सांगा. छापण्यापूर्वी प्रत्येक पत्रक हजेरीपटाशी ताडून पाहा.

आणखी एक गोष्ट. अशा स्क्रिप्ट व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहायची पद्धत जुनी आहे. ती भाषा हळूहळू बंद करणार असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये जाहीर केलं आहे. नव्याने शिकणार असाल तर पॉवरशेल किंवा पायथॉन घ्या. ‘एक्सेल.ॲप्लिकेशन’ हे नाव तिथेही तेच राहतं, फक्त हाक मारायची रीत बदलते.

मित्रांनो, हात दुखवणारं काम खुशाल यंत्राला द्या. पण लेकराच्या नावापुढे काय लिहिलं गेलं, हे बघायची जबाबदारी सही करणाऱ्याचीच, म्हणजे आपलीच.