फणसासारखं घर, गोव्याचं कनेक्शन!

लिस्बनमध्ये तेजो नदीच्या काठाजवळ एक दगडी घर आहे. लांबून बघितलं, तर भिंतीला कुणी फणसाची साल चिकटवलीय की काय असं वाटतं. जिकडे बघाल तिकडे टोकदार दगड! नाव ‘काझा दुश बिकुश’. पोर्तुगीजमध्ये ‘बिकु’ म्हणजे चोच किंवा टोक. थोडक्यात, टोकांचं घर.

हे घर १५२३ मध्ये उभारलं ब्राश द आल्बुकर्क याने. आडनाव ओळखीचं वाटतंय? बरोबर! १५१० मध्ये विजापूरच्या आदिलशाहीकडून गोवा जिंकून घेणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कचा हा मुलगा. हा इटलीला जाऊन आला आणि तिथल्या रेनेसाँ वास्तुकलेच्या प्रेमात पडला. इटलीतल्या फेरारा शहरात ‘हिऱ्यांचा महाल’ आहे. त्याच्या भिंतींवर साधारण साडेआठ हजार संगमरवरी ‘हिरे’ आहेत. लिस्बनच्या घरामागची प्रेरणा तीच मानली जाते.

यातली गंमत साधी आहे. प्रत्येक दगड चारही बाजूंनी उतरता तासायचा आणि मधोमध टोक ठेवायचं. बुटका पिरॅमिडच म्हणा ना! ऊन पडलं, की दगडाची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत जाते. सूर्य सरकला, की भिंतीचा चेहराही बदलतो. ना रंग, ना वेलबुट्टी. नुसती भूमिती आणि ऊन.

१ नोव्हेंबर १७५५ च्या महाभूकंपात घराचे वरचे दोन मजले कोसळले. मग उरलेल्या श्रीमंती भिंतींआड चक्क खारवलेल्या कॉड माशांचं गोदाम थाटलं गेलं! १९८० च्या दशकात जुनी चित्रं बघून वरचे मजले पुन्हा बांधले. खिडक्यांना मात्र मुद्दाम आधुनिक रूप दिलं. उगाच जुन्याचा आव नाही, हे भारी वाटतं. इथल्या खोदकामात रोमन काळातले मासे खारवण्याचे हौदही सापडले. म्हणजे या जागेचं मासळीशी नातं आल्बुकर्कपेक्षाही कितीतरी जुनं!

२०१२ पासून इथे नोबेलविजेते लेखक जुझे सारामागू यांच्या नावाची संस्था आहे. भूमिहीन शेतमजुरांच्या घरात जन्मलेला हा लेखक. माफ्रा इथल्या राजवाड्यासाठी अजस्र शिळा ओढून आणणाऱ्या मजुरांवर त्यांनी कादंबरी लिहिली. त्यांच्या गावाहून आणलेलं ऑलिव्हचं झाड घरासमोर लावलंय. त्याच्याच मुळाशी त्यांच्या अस्थी आहेत.

गोवा जिंकणाऱ्याच्या मुलाचं घर आणि त्याच्या दारात दगड ओढणाऱ्यांचा लेखक. हा योग मला त्या हिऱ्यांपेक्षा मोठा वाटतो. कारण घराला नाव लागतं ते मालकाचं. एकेक टोक तासणाऱ्या पाथरवटाचं नाही. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? वाडा ‘कुणाचा’ हे पाटीवर असतं, ‘कुणी घडवला’ हे नसतं. पुढच्या वेळी एखाद्या वाड्यासमोर रील शूट कराल, तेव्हा कॅमेरा जरा जवळ न्या. दगडावर छिन्नीचे घाव दिसतील. ज्यानं तो घडवला, त्याची सही तीच.