पाच वर्षांची पाहुणी: महाराष्ट्र ओपन

जानेवारी 2019. पुण्यात बालेवाडीच्या टेनिस कोर्टवर अंतिम सामना सुरू होता. एका बाजूला 2018 चा विम्बल्डन उपविजेता केविन अँडरसन, दुसऱ्या बाजूला 39 वर्षांचा इव्हो कार्लोव्हिच. दोघेही दोन मीटरपेक्षा उंच, दोघांचीही सर्व्हिस तोफेसारखी. तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत गेले आणि अखेर अँडरसनने विजेतेपद मिळवलं. एटीपी टूरच्या, म्हणजे पुरुषांच्या अव्वल व्यावसायिक टेनिस मालिकेच्या दर्जाचं असं टेनिस तेव्हा दक्षिण आशियात फक्त पुण्यात होत होतं.

ही स्पर्धा म्हणजे महाराष्ट्र ओपन. 1996 साली दिल्लीत सुरू झालेली, त्यानंतर 2017 पर्यंत चेन्नईत रमलेली ही स्पर्धा 2018 मध्ये पुण्यात आली. कोरोनामुळे 2021 चा हंगाम हुकला आणि 2023 नंतर ती पुण्यातून गेली. त्यामुळे पुण्याच्या वाट्याला तिची पाचच वर्षं आली.

पण ती वर्षं भरगच्च होती. पहिल्याच वर्षी फ्रान्सच्या जिल सिमोनने अँडरसनला हरवलं. पुढे अँडरसन, जिरी व्हेसेली, जोआव सूझा आणि टॅलन ग्रीकस्पूर विजेते ठरले. दुहेरीत रोहन बोपण्णाने दोनदा बाजी मारली: 2019 मध्ये दिविज शरणसोबत, 2022 मध्ये रामकुमार रामनाथनसोबत. 2023 मध्ये 15 वर्षांच्या मानस धामणेला वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांकडून थेट प्रवेश मिळाला. तो पहिल्याच फेरीत मायकेल म्मोहकडून हरला, पण एवढ्या कोवळ्या वयात आणि तेही घरच्या प्रेक्षकांसमोर एटीपीच्या मुख्य फेरीत खेळणं ही लहान गोष्ट नव्हे.

मग ही स्पर्धा का गेली? एटीपीच्या वेळापत्रकातली जागा शहराची नसते. तो एक परवाना असतो आणि तो ज्याच्या हाती, तो ठरवेल तिथे स्पर्धा जाते. पुण्याची जागा 2024 पासून हाँगकाँगने घेतली.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नव्हता. 2006 आणि 2007 मध्ये मुंबईतही एटीपी स्पर्धा झाली होती. दिमित्री तुर्सुनोव्ह आणि रिशार गास्के तिचे विजेते. 2008 मध्ये ती बंगळुरूला व्हायची होती, पण सुरक्षेच्या कारणास्तव रद्द झाली आणि पुढच्या वर्षी क्वालालंपूरला गेली.

बालेवाडी मात्र रिकामी राहिली नाही. 2024 मध्ये तिथे एटीपीच्या खालच्या पायरीची चॅलेंजर स्पर्धा झाली आणि ती मोनॅकोच्या व्हॅलेंटिन व्हाशेरोने जिंकली. क्रमवारीत 204 व्या स्थानावर असलेल्या याच खेळाडूने ऑक्टोबर 2025 मध्ये जोकोविचला हरवत शांघाय मास्टर्स जिंकली! तरुण खेळाडूंना क्रमवारीचे गुण मिळतात ते अशाच स्पर्धांतून, म्हणून त्या दरवर्षी, न चुकता व्हायला हव्यात.

आणि त्या फक्त पुण्यात होऊन भागणार नाही. महाराष्ट्र ओपनच्या नावात महाराष्ट्र होता. पण गोंदिया जिल्ह्यातल्या बोदलकशाच्या मुलाला ती पाहायची, तर महाराष्ट्र एक्सप्रेसने जवळजवळ अख्खं राज्य ओलांडावं लागलं असतं. पाहुणी स्पर्धा पुन्हा येवो वा न येवो, अशा स्पर्धांवर होणाऱ्या खर्चातला थोडा वाटा राज्य सरकारने आणि प्रायोजकांनी जिल्ह्याजिल्ह्यातल्या कोर्टांसाठी आणि प्रशिक्षकांसाठी राखून ठेवावा.