श्वास मोजावा उंचीवरून

२०२० साली वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात महापालिकेनं मोठं कोविड रुग्णालय उभारलं. त्या दिवसांत नवी मुंबईतल्या घराघरांत एकच विचारणा होती : व्हेंटिलेटर मिळेल का? यंत्र मिळालं की निम्मी लढाई जिंकली, असं आपण धरून चाललो होतो. पण व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही. आजार उतरेपर्यंत तो श्वासाचं काम सांभाळतो, आणि बेतानं चालवला नाही तर फुप्फुसालाच इजा करतो.

एरवी छाती फुलते, आत दाब घटतो आणि हवा ओढली जाते. यंत्र हवा ढकलतं. गंभीर न्यूमोनियात फुप्फुसाचा बराच भाग पाण्यानं भरलेला असतो. उघडा उरतो तो लहान मुलाच्या फुप्फुसाएवढा. इटलीच्या लुचानो गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅनवरून हे दाखवलं. एवढ्याशा जागेत मोठ्या माणसाचा श्वास कोंबला की वायुकोश ताणले जातात, कधी फाटतात. हवा छातीच्या पोकळीत साठली तर नळी टाकावी लागते. ताणलेल्या फुप्फुसातला दाह रक्तावाटे इतर अवयवांपर्यंतही पोचतो.

मग श्वास किती द्यायचा? अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००० साली आला. किलोमागे १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटात जवळपास ४० टक्के रुग्ण दगावले. ६ मिलिलिटरच्या गटात ३१ टक्के. नवं औषध नाही, महागडं यंत्र नाही, फक्त श्वास लहान केला!

यातली खरी मेख म्हणजे हे किलो काट्यावरचे नव्हेत. ते उंची आणि लिंगावरून काढतात, कारण चरबी वाढली म्हणून फुप्फुस वाढत नाही. १५५ सेंटिमीटर उंचीची बाई ८० किलोंची असली तरी हिशेब ४८ किलोंचाच. श्वास सुमारे २९० मिलिलिटर. वजन धरलं तर तोच ४८० होतो. म्हणूनच कमी उंचीच्या बायकांना जादा हवा जाण्याचा धोका अधिक. आडव्या पडलेल्या रुग्णाची उंची नजरेच्या अंदाजानं लिहिणं मला म्हणूनच गंभीर चूक वाटते. आयसीयूत मोजपट्टी हवीच, आणि आपल्या माणसाची उंची ठाऊक असेल तर नातेवाइकांनी ती आपणहून सांगावी.

रुग्णाला पालथं झोपवलेलं पाहून घरचे घाबरतात. पण तेही फुप्फुस वाचवण्यासाठीच असतं : पाठीकडचे मिटलेले भाग उघडतात, ताण सगळीकडे वाटला जातो. मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या २०१३च्या चाचणीत अतिगंभीर रुग्णांना दिवसातले १६ तास असं ठेवलं, तेव्हा २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले.